मंगळवारी बंदूक उचलायची न्हाय

आमच्या मंडपाच्या गोडाऊनमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या एकात एक घालून ठेवतात. आज थोड्या, उद्या थोड्या करत त्यांची चवड छताला लागते. मग मधलीच एखादी ओढायला गेलं की सगळी चवड अंगावर येते. किस्स्यांचंही तसंच आहे. एक सांगायला घेतला की वरचे, खालचे सगळे घरंगळत येतात.

हे किस्से एका गेमचे आहेत. मोबाईलवरचा, चौघांनी मिळून खेळायचा गेम. ज्यांनी खेळला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. विमानातून एका बेटावर उड्या मारायच्या, तिथल्या रिकाम्या घरांतून बंदुका, गोळ्या आणि मलमपट्टीचं सामान गोळा करायचं आणि बाकीच्या टोळ्यांशी लढायचं. बेटाभोवती एक निळी रेघ असते. ती हळूहळू आत सरकत येते आणि जो तिच्या बाहेर राहील त्याचा जीव कमी होत जातो. शेवटी जी टोळी उरेल ती जिंकली.

पण मला सांगायचंय ते जिंकण्याहरण्याचं नाही. मला एक कोडं पडलं होतं. कामाचा कंटाळा येतो हे समजतं. शाळेचा तर मला इतका आला की नववीतच सोडली. पण गेम खेळ म्हणून कुणी पाठीमागं लागत नाही. नाही खेळलं तर कुणी रागवत नाही. मग त्याचा कंटाळा कसा येतो? आणि आला तर माणूस तो गेम सोडत का नाही?

* * *

मी गेममध्ये शिरलो तेव्हा माईक सुरूच करायचो नाही. अनोळखी माणसांशी मला बोलता येत नाही. मामाचा मंडपाचा धंदा आहे, तिथं मी काम करतो. लग्नाचा मंडप घालून झाला की वऱ्हाड यायच्या आत मी मागच्या बाजूला सतरंज्यांच्या गठ्ठ्यांवर जाऊन बसतो. लग्न उरकून मंडप उतरवेपर्यंत काही काम नसतं. तिथंच माझा गेम चालायचा.

अमरनं मला टोळीत घेतलं ते याच गुणावर. अमर कबनूरचा, माझ्यापेक्षा मोठा. घरचे कापडाचे यंत्रमाग आहेत, त्यामुळं त्याच्या माईकमधून कायम खटाखट ऐकू येते. तो म्हणाला, "ह्यो बरा हाय. वाद घालत न्हाय." माझं नाव त्यानंच मुक्या ठेवलं.

एकदा अमर एका घराच्या वरच्या मजल्यावर खिडकीत नेम धरून बसला होता आणि जिन्यावरून एक शत्रू त्याच्या पाठीमागं चढून येत होता. मला दिसत होतं, त्याला नव्हतं. माझं बोट माईकच्या बटणापर्यंत जायचं आणि परत यायचं. शेवटी दाबलं आणि म्हणालो, "मागं."

अमर वळला. पण गेममध्ये नाही. त्यानं म्हणे खरोखरच मान वळवून कारखान्याच्या दाराकडं बघितलं. "कोण बोललं?"

तेवढ्यात तो मेला.

मला वाटलं, आता टोळीतून काढतो. तर तो म्हणाला, "आरं, मुक्या बोलतोय की. मारलंस मला, पर बोललास."

तेव्हापासून मी तिथं बोलायला लागलो. घरात आणि गोडाऊनमध्ये मिळून दिवसभरात जेवढं बोलत नाही, तेवढं त्या दुपारच्या वेळेत बोलायचो. बाकी कुठं नाही. तिथंच.

* * *

आमच्या टोळीचं नाव 'आलोच की'. ते कुणी ठरवलं नाही, आपोआप पडलं.

अमरच्या मागावर धागा तुटला की माग थांबतो. ऐन लढाईत तो म्हणायचा, "धागा तुटला, आलोच."

दत्ता राधानगरीकडचा. त्याच्या घरात रेंज नाही, म्हणून तो गावामागच्या टेकावर करवंदाच्या जाळीजवळ जाऊन बसतो. म्हशीही तिथंच चरायला असतात. "म्हस खाली उतराल्या, आलोच."

आणि तिसरी अक्का. अक्काचं किराणा दुकान कागलच्या पुढं, कर्नाटकच्या हद्दीजवळ. सासरी घरात कन्नड, गिऱ्हाइकांशी मराठी. मला ती तम्मा म्हणते, म्हणजे धाकटा भाऊ. दुपारी दुकानात कुणी नसतं, तेव्हा ती गल्ल्यामागं बसून खेळते. "गिऱ्हाईक आलंय, आलोच." आमच्याकडं बायकाही 'आलो'च म्हणतात.

एकदा अक्काचं गिऱ्हाईक आलं आणि ती माईक बंद करायला विसरली. मोठ्या मिशांचा कुणी पाहुणा असावा, आवाज तसाच होता. बिस्किटाचा पुडा मागत होता. इकडं दत्तावर कुणीतरी चालून आलं. अक्कानं म्हणे एका हातानं पुडा पुढं केला आणि डोळे मोबाईलवर ठेवून ओरडली, "म्होरंच उभा हाय बघ. वाचाय नको. डोस्क्यात घाल त्याच्या."

मग पुडा काचेवर ठेवल्याचा आवाज आला आणि चपला वाजल्या.

"अक्का, गेलं काय गिऱ्हाईक?" दत्तानं विचारलं.

"गेलं. मोटारसायकल बी हितंच सोडून गेलंय."

* * *

अक्काची सासू दुपारी दुकानातच बाजेवर लवंडलेली असते. सासूला ती अत्ती म्हणते. अत्ती आमचं सगळं ऐकत असते, पण आपण होऊन काही बोलत नाही.

एकदा आम्ही अगदी शेवटी हरलो. चौघांनी एकमेकांवर खापर फोडलं. अमर तर इतका चिडला की त्याचा आवाज मागांच्या वर गेला. सगळं शांत झाल्यावर अत्तीनं अक्काला विचारलं, "हे जिंकलं तर काय देत्यात?"

"काय न्हाय, अत्ती."

"आन हरलं तर?"

"काय न्हाय."

अत्ती कुशीवर वळली. "मग एवढा जीव कशाला काढालाय? दोन्हीकडनं काय न्हाय तर निवांत खेळा की."

अमर ऐकत होता. तो म्हणाला, "अक्का, अत्तीस्नी सांगा, निवांत खेळून रँक वाढत न्हाय."

अक्कानं सांगितलं. अत्तीनं विचारलं, "रँक म्हंजे काय?"



* * *

अमरचं बिनसलंय हे माझ्या लक्षात आलं ते एका जांभईमुळं.

आम्ही एक अवघड मॅच जिंकलो. शेवटचा शत्रू अमरनंच मारला. दत्ता टेकावर इतका नाचला की म्हशी बुजल्या. अक्कानं दोन्ही हातांनी काउंटर बडवलं. आणि त्या सगळ्या गोंधळात मला माईकमधून अमरची जांभई ऐकू आली. लांब, तोंड भरून दिलेली. जिंकल्यावर जांभई देणारा माणूस मी तोपर्यंत बघितला नव्हता.

नंतर गेमवर आम्ही दोघंच असताना मी त्याला विचारलं, "अमरदा, कंटाळा आलाय काय?"

तो म्हणाला, "कंटाळा आला असता तर सोडला असता की. सुटत न्हाय, तीच तर बोंब हाय."

मग त्यानंच सांगितलं. सकाळी उठल्या उठल्या रोजची हजेरी लावायची, मग रोजची कामं संपवायची, इतकी माणसं या बंदुकीनं मारा, इतकी त्या बंदुकीनं मारा. नाही केलं तर पेटी मिळत नाही. पेटीत काय असतं? त्याच्याकडं आधीच असलेली टोपी. "मागावर एक पाळी करतोय, आन हितं दुसरी. हितला मालक तर दिसत बी न्हाय, शिव्या कुणाला घालायच्या?"

तो पुढं म्हणाला, "हा सीझन संपू दे. एकदा वरची रँक घेतो आन गेम काढूनच टाकतो मोबाईलमधनं." सीझन म्हणजे गेमची ठरलेली मुदत, ती संपली की रँक पुन्हा खालून चढायची.

आमच्यात टोळी गोळा करायचा तो अमरच. दत्ता त्याच्या ओळखीनं आला, अक्काही. अमर गेला की 'आलोच की' संपली, हे मला सांगायला कुणी नको होतं. आणि मग दुपारी सतरंज्यांच्या गठ्ठ्यांवर बसून मी कुणाशी बोलणार होतो?

* * *

मग मी ज्याला त्याला विचारत सुटलो. म्हणजे माझ्या मानानं सुटलो. कंटाळा घालवायला माणसं काय करतात?

मामाला विचारलं. मामा म्हणाला, "कंटाळा आलाय? बरं झालं. पलीकडच्या मांडवाचं खांब उतराय माणूस पायजेच हाय."

अक्काचं म्हणणं, अमरनं काम बदलावं. रोज पुढं पळणाऱ्यानं एक दिवस मागं राहून मलमपट्टी करावी. अमरनं करून बघितलं. अक्का जखमी होऊन पडली, तर हा तिला पट्टी बांधायच्या आधी बोलत बसला, "तिथं उभं ऱ्हायला कुणी सांगितलं हुतं तुमाला? डावीकडनं यायचं न्हाय व्हय?"

"तम्मा," अक्का मला म्हणाली, "ह्याला सांग, आधी पट्टी बांध. न्हायतर मरू दे मला."

दत्तानं सुचवलं, एक दिवस खेळूच नको. अमरला ते पटलं. आख्खा रविवार त्यानं गेम उघडला नाही. सोमवारी मी मोठ्या उत्सुकतेनं विचारलं, "कशी गेली सुट्टी?"

"झकास. दिवसभर मोबाईलवर दुसऱ्यांच्या मॅची बघत बसलो."

* * *

आणि मग आला दत्ताचा वार.

दत्ताच्या गावात यात्रेच्या आधी काही आठवडे मंगळवार पाळतात. त्या दिवशी रानात औत जात नाही. नांगर, कुळव, खुरपं, विळा, कशालाच हात लावायचा नाही. वैरण आदल्या दिवशीच कापून ठेवायची. म्हशीची धार तेवढी काढायची, कारण म्हशीला वार कळत नाही.

आम्हाला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्या मंगळवारी बेटावर उतरलो. दत्ताच्या पायाशीच एक उत्तम बंदूक पडली होती आणि तो तिच्याकडं बघत नुसता उभा होता.

"उचल की," अमर म्हणाला.

"नको."

"का?"

"आज वार हाय. हत्याराला हात लावायचा न्हाय."

अमर शक्य तेवढ्या शांतपणे म्हणाला, "दत्तू, ती खोटी बंदूक हाय."

"मी बी आईला तेच म्हनलो. आई म्हनली, खोटीच हाय तर खाली ठेवाय काय जातंय?"



* * *

पुढच्या मंगळवारी तव्याचा प्रश्न निघाला.

गेममध्ये एक लोखंडी तवा सापडतो. पाठीला अडकवला तर गोळ्या अडवतो, हातात घेतला तर कुणाच्याही डोक्यात घालता येतो. दत्ताला तो सापडला आणि आमच्यात वाद लागला. तवा हत्यार की भांडं?

अक्का म्हणाली, भांडं. तिच्या दुकानात विकायला आहे. अमर म्हणाला, हत्यार. त्याच्या डोक्यात बसलेला आहे.

दत्ता म्हणाला, "थांबा, आईला इचारून यालो."

तो टेकावरून खाली घरी गेला. गेममधला दत्ता उघड्या माळावर एकटाच उभा राहिला. आम्ही तिघंजण बंदुका घेऊन त्याच्याभोवती पहारा देत बसलो. चहूबाजूंनी गोळ्या येत होत्या. अक्का तर पाठीमागच्या भिंतीआडून येणाऱ्याला मारता मारता दुकानात साखरही जोखत होती. आणि आम्ही कशासाठी लढत होतो, तर एका आईचा निकाल येईपर्यंत तिचा मुलगा जगावा म्हणून.

दत्ता धापा टाकत आला. "तवा चालतोय. पर कुणाच्या डोस्क्यात घालायचा न्हाय."

"आन धुराचा बाँब?" अमरनं विचारलं.

"त्ये बी इचारलं. धूर चालतोय. धूर चुलीचा बी असतोय, म्हनली."

"गाडीखाली माणूस घेतला तर?"

यावर दत्ता म्हणाला, "त्ये इचारायचं धाडस न्हाय झालं."

* * *

त्या दिवसांत मला एक गोष्ट दिसली. मंगळवारी दत्ता कुणालाही मारायचा नाही. गाडी चालवायचा, जखमींना पट्ट्या बांधायचा, धूर करायचा. त्याच्या नावावर भोपळा असायचा आणि सगळ्यात जास्त हसायचा तोच.

मी त्याला विचारलं, "तुला मंगळवारी कंटाळा येत न्हाय?"

तो म्हणाला, "मंगळवारचं सोड. बुधवारी सकाळी बघ माझं हात कसं शिवशिवत्यात. खुरप्याला बी आन बंदुकीला बी."

हे मी अमरला सांगितलं. अमर म्हणाला, "माझं हात गेल्या वर्षापासनं शिवशिवलं न्हाईत." आणि पुन्हा रोजच्या कामाला लागला.

* * *

एका मंगळवारी कबनूरची लाईट गेली. माग बंद पडले. अमरच्या माईकमधून पहिल्यांदाच काही ऐकू येईना, तेव्हा मला वाटलं त्याचं नेटच गेलं. पण तो होता. त्याच्या गोळ्या संपलेल्या, जवळपास काही मिळेना, म्हणून तो नाइलाजानं दत्ताच्या गाडीत बसला. मी आणि अक्का मागच्या सीटवर.

दत्तानं गाडी लढाईपासून लांब घातली आणि तो आम्हाला बेट दाखवायला लागला.

"ह्या उताराला पाणी थांबत न्हाय बघा. हितं नाचणी. खालच्या सपाटीला भात झ्याक आलं असतं. बांध घालाय पायजे मातूर."

"दत्तू, हितं कोन ऱ्हात न्हाय," अमर म्हणाला.

"म्हनून तर पडून हाय सगळं. आन एवढी घरं बांधल्यात, गोठा एक न्हाय. दूध कुठनं आनत असतील हे लोक?"

गाडी एका लांबलचक पुलावर चढली. खाली नदी, पलीकडं डोंगर. अमर म्हणाला, "हा पूल कधी झाला?"

"आधीपासनं हाय की," अक्का म्हणाली.

"मला वरनं ठाऊकच न्हाय. मी आपला कायम ह्याच्या खाली लपलेलो."

कुणीतरी पुलाच्या टोकाकडून आम्हाला मारलं. अमर चिडला नाही. पण दुसऱ्या दिवशी लाईट आली, माग सुरू झाले आणि अमर पुन्हा पहिल्यासारखाच झाला. सीझन संपला की गेम काढणार, हेही त्यानं पुन्हा सांगितलं.

* * *

सीझनचा शेवटचा दिवस मंगळवारीच आला.

अमरला वरच्या रँकसाठी एक मॅच जिंकायची राहिली होती. ती जिंकली तर तो समाधानानं गेम काढणार होता. हरली तर वैतागून काढणार होता. मला दोन्हीकडून सारखंच होतं, पण निदान समाधानानं जावा असं वाटत होतं. एका लग्नाचा मंडप घालून मी मागं सतरंज्यांवर बसलो होतो आणि पुढं मंगलाष्टका सुरू व्हायच्या बेतात होत्या.

अमर म्हणाला, "दत्तू, आजच्या दिवस उचल बंदूक. परत कधी सांगणार न्हाय."

दत्ता म्हणाला, "अमरदा, सांगशील तिथं गाडी घालतो. तुझ्या म्होरं मी मरतो. पर हे नको सांगू."

"बरं," अमर म्हणाला. तो रागवला नाही, याची मला जास्त भीती वाटली.

अमर त्या दिवशी फार सुंदर खेळला. आम्ही शेवटच्या दोन टोळ्यांपर्यंत पोचलो. तिथं पहिल्यांदा अक्का पडली. "गिऱ्हाईक न्हवतं ओ," ती कळवळून म्हणाली, "अत्तीनं चहाचा कप बरोबर म्होरं आणून धरला." मग अमरवर गोळ्या आल्या, तेव्हा दत्तानं बोलल्याप्रमाणं गाडी आडवी घातली आणि गाडीसकट गेला. अमरनं समोरच्या टोळीतले तिघं टिपले आणि तोही पडला.

उरलो मी. आणि त्यांच्यातला एक.

मेलेल्यांना जिवंत असलेल्याच्या मोबाईलवरचं सगळं दिसतं आणि ऐकू येतं. तिघंही माझ्यातून बघत होते. समोर माळावर तो शेवटचा माणूस उभा होता. लपला नव्हता, पळत नव्हता. मी नेम धरला.

"मार," अमर म्हणाला. "मुक्या, मार."

बोट बटणावर होतं. पण मला दिसलं की त्याच्या हातात तवा आहे. नुसता तवा. पाठीवर बंदूक नाही, कंबरेला काही नाही. इथपर्यंत पोचलेला माणूस आणि बंदूक नाही?

माईकचं आणखी एक बटण असतं. ते दाबलं की जवळच्या अनोळखी माणसालाही आपलं ऐकू जातं आणि त्याचं आपल्याला. ते मी कधीच दाबलं नव्हतं.

दाबलं. "पावणं," मी म्हणालो. "बंदूक कुठं हाय?"

तिकडून आधी गुरांच्या घंटा ऐकू आल्या. मग एक पोक्त आवाज आला. "न्हाय उचलली. आज वार हाय आमचा."

"कुठलं गाव?"

"शाहूवाडीकडं. तुमी?"

"कोल्हापूर."

"मग मारा की. तुमचा कुठं वार हाय?"

अमरच्या मागांची खटाखट चालू होती. त्या माणसाच्या पाठीमागून निळी रेघ सरकत येत होती.

"मुक्या," अमर हळू म्हणाला.

"काय?"

"वार हाय म्हनतोय त्यो."

"व्हय."

"मग ठेव की खाली."

मी बंदूक खाली टाकली. तो माणूस चालत माझ्याजवळ आला. तवा हातात तसाच. मला वाटलं, आता डोक्यात बसतो. त्यानं माझ्यासमोर पट्टीचं एक बंडल ठेवलं आणि शेजारी उभा राहिला. मी माझ्यातलं एक त्याच्यासमोर ठेवलं. रेघ आमच्यावरून पुढं गेली. जीव कमी होत होता, आम्ही दोघं पट्ट्या बांधत उभे होतो.

"कसला आवाज यालाय तुमच्याकडं?" त्यानं विचारलं.

"मंगलाष्टका."

"तुमचं लगीन हाय?"

"न्हाय. मी मंडपवाला हाय."

"मग जावा, अक्षता टाकून या. मी हाय हितं."

अमर हसला. आधी नाकातून, मग मोठ्यानं, मागांच्या वर. त्याच्याकडं कुणीतरी लांबून ओरडून विचारलं, काय झालं रे, तरी तो हसतच होता. अक्का हसायला लागली, दत्ताही. माझ्याकडची पट्टी संपत आली होती.

"मुक्या," अमर कसाबसा म्हणाला, "त्याला इचार, उद्या दुपारी मोकळा हाय काय."

मी विचारलं.

"उद्या?" तो माणूस म्हणाला. गुरांच्या घंटा वाजत होत्या. "उद्या बुधवार. तवा घरी ठेवून येतो."